होसियत-ओपाचे दोन किलो

होसियत-ओपाला मी ओळखत होतो असं म्हणवत नाही. तिच्या नवऱ्याचं नाव मला तिच्या मयताला कळलं. कोकंद शहराच्या कुठल्या गल्लीत ती राहायची, तेही त्याच दिवशी. इस्पितळात शेजारशेजारच्या खुर्च्यांत बसून आम्ही यंत्राकडून रक्त धुऊन घ्यायचो, एवढीच आमची ओळख. मला लिहिण्याची सवय नाही. पण राग जात नाही, म्हणून बसलोय.

तिचा जन्म तंदुरात वाकून नान लावण्यात गेला. हात कोपरापर्यंत भाजलेले, आणि बोलणं त्याहून गरम. वयाने मी मोठा, ती मला अका, म्हणजे दादा, म्हणायची; तरी सगळ्यांसारखा मीही तिला ओपा, म्हणजे ताई, म्हणायचो. दुसरं काही म्हणायची छाती नव्हती.

आमच्याकडे पाहुण्याला चहा प्याल्याच्या तळाशी थोडासाच ओततात, पुन्हा पुन्हा ओतता यावा म्हणून. काठोकाठ भरलेला प्याला हातात आला की समजायचं, आता उठा. मूत्रपिंडं गेलेल्या माणसाला हा मान परवडत नाही; थोडा थोडा करत किती पोटात गेला, कळतच नाही. म्हणून ओपाने सुनेला सांगून ठेवलं होतं, मला एकच दे, पण भरून दे. ते बघून तिच्या विहीणबाईंना वाटलं, आपली लेक सासूला घराबाहेर काढतेय. त्यावरून दोन घरांत बरेच दिवस अबोला होता.

एवढं पथ्य पाळणाऱ्या बाईला डॉक्टर बहोदिर म्हणाला, "ओपा, चहा जास्त झालाय."

झालं होतं असं. अंगातलं जास्तीचं पाणी गेल्यावर जे उरायला हवं, त्याला कोरडं वजन म्हणतात. तेवढ्यावर येईपर्यंत यंत्र पाणी ओढतं. ओपाचा आकडा ती हाडांचा सापळा होती तेव्हा ठरलेला. त्या हिवाळ्यात तिची भूक परत आली. नातीचं लग्न ठरलं होतं, घरात पुलाव शिजत होता, आणि लग्नाचे नान स्वतःच्या हाताने लावायचे हा तिचा हट्ट होता. ती अंगाने भरली. काट्याला काय, मांस आणि पाणी सारखंच.

"चहा नाही रे, मांस चढलंय अंगावर," ती म्हणाली.

"सगळे हेच सांगतात."

"मग सगळ्यांचे पाय दाबून बघ. माझा आधी बघ. पाण्याचा खड्डा पडला तर तुझं पायताण नि माझं डोकं."

त्याने बोट लावलं नाही. यंत्राला जुनाच आकडा दिला, आणि ते नसलेलं पाणी ओढत राहिलं. शेवटच्या तासाला तिच्या पोटऱ्यांत गोळे आले, चेहरा पांढरा पडला, मान कलली. मुलाने तिला पाठीवर घेऊन नेलं. पुढच्या खेपेला तेच, त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. कणीक मळायला ती उभी राहणार कशी?

एक दिवस ती काट्यावरून उतरलीच नाही.

"आकडा वाढव, नाहीतर मी इथेच उभी."

"बरं, अर्धा किलो."

"तीन."

"ओपा, हा बाजार आहे का?"

"बाजारातला माणूस खरबूज तरी दाबून बघतो. तीन."

दोनावर सौदा ठरला. सगळा वॉर्ड हसला. नशिबाने आकडा बरोबर बसला, गोळे थांबले, आणि लग्नाचे नान तिने लावले. आम्हाला प्रत्येकी एक आणून दिला, बहोदिरलासुद्धा.

उन्हाळ्यात तिचं पोट बिघडलं आणि जेवण तुटलं. गाल बसले, अंगरखा खांद्यांवरून लोंबायला लागला. काटा मात्र जागचा हलेना. मांस गेलं होतं आणि त्याच्या जागी पाणी आलं होतं. उशा रचून ती बसल्या बसल्या झोपायची. मी भीत भीत म्हटलं, "ओपा, दम लागतोय तुम्हाला. आकडा उतरवायला सांगा."

"माझे दोन किलो आहेत ते, अका. भांडून मिळवलेत. हात लावू देणार नाही."

नर्सने बहोदिरला सांगितलं, तेही मी ऐकलं. तो म्हणाला, "वजन ठरल्याप्रमाणेच आहे. मी नाही तिच्या तोंडाला लागत."

आधी खात्री होती म्हणून त्याने पाय दाबला नाही, आणि नंतर तिच्या जिभेची भीती होती म्हणून नाही. पाठीला नळी लावून ऐकलं नाही. ती आजारी बाई होती, तिचं चुकणं मी समजू शकतो. तिच्याशी घासाघीस करायला याला कुणी बसवलं होतं? दर महिन्याला नव्याने तपासायची गोष्ट याने सौद्यासारखी एकदाच मिटवून टाकली. रविवारच्या सुट्टीत, घरी, ती स्वतःच्या अंगातल्या पाण्यात बुडाली. मयताला आला तेव्हा तो मला म्हणाला, "वजन तर बरोबर होतं, अका."

त्या रविवारच्या आदल्याच दिवशी आम्ही यंत्रावरून उठून बाहेरच्या बाकावर बसलो होतो. तिने थर्मासमधला चहा ओतला आणि धापा टाकत प्याला माझ्या हातात दिला. काठोकाठ भरलेला.

"हे काय ओपा, हाकलताय मला?"

"हो. जा आता घरी. बायकोने केलेला शोरबा निवत असेल."

"आणि तुम्ही?"

"मी बसते. मुलगा गाडी आणतोय."