पाच, चार, तीन आणि माझी बोटं

सांगा बरं, माणसानं भरवसा कुणावर ठेवावा, डोळ्यावर का कानावर? मी डोळ्यावर ठेवला, आणि टीव्हीच्या स्टुडिओत अख्ख्या टेंभुर्णीला घेऊन तोंडघशी पडलो.

आमच्या रफिकभाई टेलरची शमा गाण्याच्या स्पर्धेत शेवटच्या दहांत गेल्ती. त्या दिवशी चुकली तर सरळ घरी. फोनवरच पोरीचा आवाज कापत होता. म्हणून धीर द्यायला आम्ही बारा जण जीप करून मुंबईला. मी पहिल्या रांगेत, रफिकभाईच्या शेजारी.

आता माझं शिक्षण म्हणाल तर मोंढ्यातलं. तीस वर्षं धान्याच्या लिलावात उभा. तिथं तोंड बंद, बोटं चालू; जितकी बोटं वर, तितकी बोली.

शमा स्टेजवर आली. कानाला यंत्र लावलेल्या एका माणसानं तिच्याकडं बघत पाच बोटं दाखवली. मी खूश, सुरुवात बरी झाली. मग चार. मग तीन. मी रफिकभाईला कोपर मारलं, "भाव पडून राह्यला की हो." दोन बोटं दिसली तसा मी उठलो आणि दोन्ही हातांनी सहा दाखवली. आपली पोरगी दोनवर जाऊ द्यायची?

तो माणूस गडबडला. दिवे, वाजंत्री, सगळं पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा पाच, चार. मी आठ. तिसऱ्या खेपेला आमचे बाराच्या बारा जण दहा-दहा बोटं वर करून उभे. हुकूम माझाच.

तो घाम पुसत माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, बाथरूम उजवीकडं आहे."

तेवढ्यात माईकवरून शमा बोलली, "चाचा, गाणं सुरू करायला उलटी गिनती करून राह्यले ते. माझी बोली न्हाई लागली. बसा, मला गाऊ द्या."

सगळा स्टुडिओ हसला. तीही हसली, कापणं थांबलं, आणि अशी गायली की परीक्षक उभे राहिले. पोरगी टिकली.

गावात मी सांगत सुटलो, माझ्यामुळंच टिकली. मग कार्यक्रम लागला. तिचं गाणं एकदा, माझी बोटं पाचदा, तीही हळू करून. आता मोंढ्यात बोलीला हात वर केला की हमाल मला उजवीकडची वाट दाखवतात.

तेव्हा मंडळी, हिशोब इमानदारीनं ठेवा. गाणं शमाच्या जमेला, बोटं माझ्या नावे.