लितियाची ओळ

सुवाच्या बंदरावरच्या त्या कचेरीत लितिया नाइवालू तेवीस वर्षं भरती-ओहोटीच्या नोंदी तपासते आहे. सहा वर्षांपूर्वी तिच्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, पण डावा हात मांडीवर पडला तो पडलाच. तरी रोज सकाळी नवाच्या आत चाळीस बेटांच्या नोंदी एका उजव्या हातानं बघून ती मोकळी होई. दोन हातवाली मंडळी तेव्हा कुठे चहात बिस्कीट बुडवत असत.

यात जादू नव्हती, एक ओळ होती. सर्व्हरवर प्रत्येक बेटाचं एक फोल्डर, आणि नाव ज्यानं त्यानं आपल्या लहरीप्रमाणे ठेवलेलं. कुठे पहिलं अक्षर कॅपिटल, कुठे सगळीच, कुठे मधलंच एखादं. बदलायला जावं तर जुने प्रोग्रॅम बंद पडतात. म्हणून लितियानं आपल्या सेटिंगच्या फाइलीत मशीनला बजावून ठेवलं होतं, की टॅब दाबल्यावर नाव पुरं करताना कॅपिटल आणि स्मॉल असा भेद करू नकोस. तीन साधी अक्षरं, टॅब, की तारावा बेटाचं फोल्डर हजर. कॅपिटलसाठी शिफ्टच्या बटणाच्या वाटेला जायलाच नको. एकाच हातानं शिफ्ट धरून लांबचं अक्षर गाठायचं म्हणजे मनगट पिळून घेणं, आणि तिचं ते एकुलतं मनगट आधीच ठणकायला लागलं होतं. हीच ओळ तिनं शेजारच्या वासेमादालाही घालून दिली होती. वासेमादा तिला 'नेई', म्हणजे आत्या, म्हणून हाक मारते.

मग चुलत्याच्या मयताला लितिया आठवडाभर कंदावू बेटावर गेली. परत येऊन तीन अक्षरं टाइप केली, टॅब दाबला, तर मशीन नुसतं टुणकन वाजलं. ओळ गायब. तिनं ती पुन्हा लिहिली. दुसऱ्या सकाळी पुन्हा गायब.

ती टकवेल साहेबांकडे गेली. हे ब्रिस्बेनहून दोन वर्षांच्या करारावर आलेले कचेरीप्रमुख.

"सगळ्यांची सेटिंग आता एकसारखी," साहेब म्हणाले. "जुनी रोज पहाटे पुसली जातात."

"साहेब, माझा एक हात चालत नाही."

"नियम सगळ्यांना सारखा, लितिया. तू नव्हतीस तेव्हा मीटिंगमध्ये मी विचारलं होतं. कुणाची हरकत नव्हती. वासेमादा तर म्हणाली, बरंच झालं."

लितियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती जागेवर आली आणि शिफ्टशी झुंजत राहिली. नवाचं काम बारावर गेलं. दहाव्या दिवशी साहेबांनी मायेनं विचारलं, "फोनच्या टेबलावर बसशील का? तिथे तुला त्रास नाही होणार." काय ही माया! आधी बसल्या माणसाखालची खुर्ची ओढायची आणि मग पडलीस का म्हणून विचारायचं. तेवीस वर्षं समुद्र वाचणाऱ्या बाईनं आता 'साहेब जागेवर नाहीत' एवढंच सांगत बसायचं होतं.

सकाळच्या चहाला सगळे जमले, तेव्हा लितियानं आपली खुर्ची मागे सारली.

"साहेब, बसा इथे. डावा हात मांडीवर. चाळीस बेटं बघून दाखवा, मग मी उद्यापासून फोन उचलते."

साहेब हसत बसले. तिसऱ्याच फोल्डरला त्यांचा डावा हात आपोआप वर आला.

"हात, साहेब," लितिया म्हणाली.

सहाव्याला पुन्हा. "हात." आता कुणी हसत नव्हतं. अकराव्याला साहेब मनगट चोळत थांबले.

"ठीक आहे. डॉक्टरचा दाखला आण, तुला खास सवलत देतो."

"सवलत कसली? माझी वस्तू उचलून नेलीत, ती परत ठेवा. आणि सगळ्यांच्याच सेटिंगमध्ये ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला दाखले जमवत फिरायला नको."

साहेबांनी तिथल्या तिथे ती ओळ सर्वांसाठी घातली. माणूस दुष्ट नव्हता. पण ज्यांना ठाऊक होतं त्यांनी तोंडाला कुलूप लावलं, याचा राग लितियाच्या मनातून जाईना. त्या दिवसापासून ती वासेमादाशी बोलली नाही.

शुक्रवारी काम संपल्यावर यंगोनाच्या मुळांचं पेय प्यायला चटया अंथरल्या गेल्या. वासेमादा यंगोनाच्या मुळांची जुडी घेऊन आली आणि लितियापुढे गुडघ्यांवर बसली.

"नेई, चुकलं माझं. साहेबांना बरं वाटावं म्हणून बोलून गेले."

माफीची जुडी परत करायची रीत नाही. आणि घ्यायची ती दोन्ही हातांनी. लितियानं मांडीवरच्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं.

"माझा हात तुला दिसत नव्हता?"

"दिसत होता, नेई."

"मग ये अशी जवळ. घेते मी. पण डावा हात तू उचलून ठेव."

वासेमादानं तो हात उचलून जुडीवर ठेवला. इतकी वर्षं शेजारी बसून तो किती जड आहे, हे तिला आज कळलं.