पूर्ण वाक्य

लेकीला शाळेतून काढलं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात होते. शाळा म्हणाली, "तिला इथे जमत नाही, तुम्हीच बघा." म्हटलं, बघतेच! मी बी.एड. झालेली बाई, दुसऱ्यांची लेकरं शिकवली, माझं नाही शिकवणार? प्रताप नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर फळा ठोकला. स्वमग्न मुलीची आई होते, तिची मास्तरीणही झाले. खरं सांगायचं तर मास्तरीणच जास्त झाले.

लेक सात वर्षांची, पण बोलणं जेमतेम. तहान लागली की "पा" म्हणायची आणि माझी ओढणी ओढायची. मी मोबाईलवर एका बाईंचा व्हिडिओ पाहिला. मूल मागेल तेव्हाच द्या, आयतं हातात देऊ नका, म्हणजे ते बोलायला लागतं. त्या बाई खेळण्यांबद्दल, खाऊबद्दल सांगत होत्या. ते पाण्याला लावायची अक्कल माझी. "पा" बंद. "आई, पाणी दे" असं पूर्ण वाक्य आलं तरच पेला मिळेल. माठ तिचा हात पोचणार नाही असा ओट्यावर मागे सरकवला.

उन्हाळा लागता लागता सासूबाई भिवापूरहून आल्या. त्यांना हे पाहवेना. "काहून वं, पाण्यासाठी लेकराले रडवून राहिली? पा म्हणते ना ते!" आणि माझा डोळा चुकवून तिला पाजायच्या. एकदा मी पकडलं आणि फाडकन बोलले, "आई, तुम्ही मधात नका पडू. तुमच्या लाडानं माझी सगळी मेहनत वाया जाते." दुसऱ्या दिवशी त्या मिरची वाळत घालायचं निमित्त सांगून गावाला निघून गेल्या. मला, काय सांगू, सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर लेकीनं मागणंच सोडलं. जेवताना पाजत होते हो, अगदीच कसाई नाही मी. पण मधल्या वेळी पेला धरून बसायचे, "बोल, काय म्हणायचं?" ती पेल्याकडे पाहायची, माझ्याकडे पाहायची आणि उठून जायची. मला वाटायचं, हट्ट आहे, मोडेल.

नवतपा सुरू झाला, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, बाहेर नुसती आग. एका दुपारी कूलरमध्ये पाणी भरायला मी बाजूची वाळ्याची ताटी काढून ठेवली आणि पाइप आणायला बाथरूममध्ये गेले. परत येऊन पाहते तर लेक टाकीत वाकलेली. ओंजळीनं पाणी पीत होती. हिरवट, कुजकट वासाचं, ताटीच्या काड्या तरंगणारं ते पाणी, घटाघटा. मला पाहून दचकली, ओठ पुसले आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. बापा! आपल्याच घरात माझी पोरगी पाणी चोरत होती, आणि हे किती दिवसांपासून चाललं होतं, देव जाणे.

संध्याकाळपर्यंत उलट्या, जुलाब, अंगात ताप. दवाखान्यात भरती केलं, सलाइन लागली. नवरा मौद्याहून ड्युटी सोडून तसाच आला. डॉक्टरांनी विचारलं, "कूलरचं पाणी? घरात प्यायचं पाणी नव्हतं का?" नवराच म्हणाला, "तिले समजत नाही ना डॉक्टर." मी मान खाली घातली आणि ते तसंच राहू दिलं. माझं पाप मी लेकीच्या डोक्यावर जाऊ दिलं.

सकाळी डॉक्टर म्हणाले, आता घोट घोट पाणी पाजा. मी पेला तिच्या ओठांशी नेला. ओठ सुकून फाटलेले. तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं. "पी न बेटा, पी." नाहीच. कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे पाहत राहिली आणि मग एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आई... पाणी... दे."

नवरा खुर्चीतून उठलाच. "बोलली वं! पूर्ण बोलली! शिकवलंच तू हिले!" सिस्टरला सांगितलं, लगेच भिवापूरला फोन लावला.

पेला मी तिच्या ओठांशीच धरून होते. लेक अजून प्यायली नव्हती. वाक्य बरोबर आलं का, ते माझ्या चेहऱ्यावर शोधत होती.