केरूचा वेगळा कप

लिही गं आभा, आणि मध्येच "आजी, स्लो" म्हणू नकोस. मी बोलते तसं घे.

केरू लादी बसवायचा. उम्म अल कुवैनला कंपनीच्या कामगार कँपात एका खोलीत आठ जण राहायचे, त्यातला तो एक. आपल्या या दुबईतल्या, करामाच्या घरात बाथरूमच्या लाद्या बदलायला आला होता. मी कुकरला शिव्या घालत होते, त्या ऐकून दारातच हसायला लागला. मावशी, गाव कुठलं म्हणाला, आणि झालं. तेव्हापासून दर शुक्रवारी बस बदलत यायचा, येताना तिकडची ताजी मासळी आणायचा. मी कालवण करायची. तुझा बाप म्हणायचा, आईला दुसरा मुलगा मिळाला, तोही माझ्या दुप्पट जेवणारा.

त्याची एकुलती लेक ममता. करोनाच्या दुसऱ्या वर्षी तिचं लग्न ठरलं. तीन वर्षं तो घरी गेला नव्हता. विमानात बसायचं तर आधी नाकात काडी घालून टेस्ट करायची, ती चांगली आली तरच जायचं. केरूनं जपण्यात काही कसर ठेवली नाही. बसमध्ये दोन मास्क लावून एका कोपऱ्यात उभा राहायचा, वाटेत पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली होती.

मीही जपत होते. नागेशनं, तुझ्या बापानं, बजावलं होतं, बाहेरच्या माणसापासून लांब राहा. म्हणून मी केरूसाठी एक कप वेगळा काढला आणि दाराबाहेर चपलांच्या स्टँडवर ठेवला. पहिल्या दिवशी त्यानं कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चहा दाराशीच उभ्यानं प्यायला, बाटलीतल्या पाण्यानं कप विसळला आणि पालथा घातला. मी तुझ्या आईला कौतुकानं सांगितलं, बघ अनुराधा, शाळा न शिकलेला माणूस, पण रोगाचं किती कळतं त्याला.

विमानाला आठ दिवस राहिले, तेव्हा मी त्याला म्हटलं, त्या आठ जणांच्या खोलीत राहू नकोस. माझी खोली घे, मी आभाजवळ झोपते. दार लावून एकटा राहा, टेस्ट दे, आणि इथूनच विमानतळावर जा.

"नको मावशी. कँपातच बरा आहे मी."

किती विनवलं मी. शेवटी चिडून म्हटलं, मग मर तिकडेच. रागानं म्हटलं, पण म्हटलं.

चार दिवसांत खोलीतल्या दोघांना ताप आला. केरूची टेस्ट वाईट निघाली. लेकीचं लग्न त्यानं क्वारंटाइनमध्ये मोबाईलवर बघितलं. नेट अडकलं तेव्हा अंतरपाट धरलेला होता, परत सुरू झालं तेव्हा लोक जेवत होते.

मी त्याला डबा धाडला होता. तो रिकामा डबा द्यायला त्याच्या खोलीतला महादू आला. मी म्हटलं, हट्टापायी लग्न घालवलं बघ यानं.

महादू म्हणाला, "हट्ट नव्हता, मावशी. ज्या घरात कप दाराबाहेर, त्या घरात झोपायचं कसं, म्हणाला. त्याच्या गावात हॉटेलाबाहेर त्याच्या वस्तीतल्यांचे कप वेगळे असायचे. प्यायचं, विसळायचं, पालथा घालायचा."

अरे, मी रोगासाठी ठेवला होता रे, म्हटलं मी. आणि मला उपेंद्र आठवला, नागेशच्या ऑफिसातला. केरूचा कप बाहेर ठेवला त्याच आठवड्यात मेट्रोनं आलेला, नाक पुसत. त्याला मी सोफ्यावर बसवून घरातल्या कपात चहा दिला होता. मग रोगासाठी कसा गं? केरूचं आडनाव मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझ्या मनात तसलं काही नाही असं मी समजत होते. पण माझ्या माहेरी परसात असाच एक कप असायचा, लहानपणी रोज बघितलेला. हात आपोआप तिकडेच गेला. हेही लिही. नको काय म्हणतेस? लिही.

केरू आता रास अल खैमाला असतो. मी फोन केला, चुकलं रे म्हणायला. त्यानं पुरतं बोलूच दिलं नाही. गुडघा कसा आहे, औषध घेता ना, हेच विचारत राहिला. मी म्हटलं, ये एकदा, आत माझ्याशेजारी बसून जेव.

"येईन मावशी, इन्शाल्ला."

इतकी वर्षं या देशात काढली, तोंडावर नाही म्हणायचं नसलं की माणूस इन्शाल्ला म्हणतो, ते मला कळतं. तरी दर दिवाळीला फोन करते. दर दिवाळीला तो तेच म्हणतो.