जगनची बिनआवाजी फियाट

जगन वरळीकर हा माणूस मला पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटला आणि ते मी त्याला पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं. तो फणसवाडीतल्या आमच्या घरी पंखा दुरुस्त करायला आला होता. पंखा उतरवला आणि गडी माझ्याकडे पाठ करून खिडकीशी बसला. परीक्षेत हुशार पोरं पेपर हाताने झाकून लिहितात ना, तसा तो पंखा अंगाआड धरून उघडत होता.

"दुरुस्त करतोयस की चोरतोयस?" मी विचारलं.

"लोक बघतात, शिकतात. मग मला कोण बोलावणार, बाई?"

"मी कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झालेली बाई. मी आता पंखे दुरुस्तीचं दुकान टाकणार आहे होय?"

"सांगता येत नाय," तो गंभीरपणे म्हणाला.

पंखा मात्र असा चालला की चालू आहे की बंद, ते वर बघून ठरवावं लागे.

जाता जाता त्याची नजर वाडीच्या कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे गेली. ताडपत्रीखाली आमच्या ह्यांची फियाट. हे गेल्यावर ती तिथेच उभी राहिली, इंजिन गंजून बसलं, उंदरांनी गाद्या खाल्ल्या. वाडीतले लोक रोज ऐकवायचे, "बाई, चालवा तरी नाहीतर भंगारात तरी द्या." भंगारात द्यायला माझा हात होईना. माझी धाकटी जाऊ सुमेधा म्हणायची, "ताई, त्या गाडीत आता भाऊजी नाहीत, घुशी आहेत." खरंच होतं ते.

जगनने ताडपत्री उचलली, बॉनेटखाली डोकं घातलं आणि म्हणाला, "इंजिन मेलं. गाडी कुठे मेलीय? हिला बॅटरीवरची मोटर बसवतो. धूर नाय, आवाज नाय, पेट्रोल नाय. आणि अशी नटवतो, की चौपाटीवर लोक वळून बघतील."

साल पंच्याण्णव. विजेवर चालणारी मोटरगाडी मी फक्त मासिकात पाहिलेली. मला हसू आलं. तरी मी हो म्हटलं. दुसरं कोण त्या गाडीला हात लावायला तयार होतं?

हा जगन मूळचा वरळी कोळीवाड्यातला. बाप, आजा, चुलते सगळे दर्यावर. ह्याला मात्र बोट लागायची. किनारा सुटला की ओकाऱ्या. "कोळ्याचा पोर नि दर्याला भितो" असं ऐकत वाढला आणि शेवटी बापाने लालबागच्या एका गिरणीत चिकटवून दिला. तिथे यंत्रांच्या जळालेल्या मोटरींत नव्या तारा भरायच्या खात्यात तो रमला. मग ब्याऐंशीचा संप आला. गिरणी बंद, पगार बंद. बायको शांती टोपली घेऊन बाजारात बसू लागली आणि हा तिच्या शेजारी मासळी साफ करू लागला. घरात चूल पेटत होती. पण ती कशी पेटते, हा प्रश्न शेजाऱ्यांना पडला. कुणीतरी म्हणालं, जगन संप फोडून मागच्या दाराने कामावर जात होता. दुसऱ्याने त्याला गेटाजवळ पाहिल्याचं शपथेवर सांगितलं. एका सकाळी त्याच्या दारात फुटक्या बांगड्या येऊन पडल्या. ज्यांच्या मांडीला मांडी लावून जेवला, त्यांनी टाकलेल्या. तो कामावर गेला होता की नव्हता? मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मी नाय म्हटलं तर तुम्ही मानाल?" म्हणून मी पुन्हा विचारलं नाही.

तेव्हापासून त्याचा कुणावर विश्वास नाही. परळला एक अरुंद गाळा, त्याला दोन कुलपं. माझी गाडी ओढून तिथे नेली आणि शटर खाली गेलं. "कधी बघायला येऊ?" "बोलावीन." महिना गेला. बोलावणं आलं नाही. फोन केला की शेजारचा पानवाला सांगायचा, आत आहे पण दार उघडत नाही.

मला असले प्रकार खपत नाहीत. एका दुपारी मी न सांगता गेले आणि छत्रीच्या मुठीने शटर वाजवत राहिले. शेवटी ते वीतभर वर झालं.

"वर कर आणि बाजूला हो," मी म्हटलं आणि आत शिरले.

गाडीचं नाक उघडं होतं. इंजिनाच्या जागी एक जाडजूड काळी मोटर बसवलेली. जुनी, पण घासूनपुसून लख्ख. तिच्या अंगावर पितळेची पट्टी होती. अशा पट्टीवर मालकाचं नाव असतं. ह्या पट्टीवरचं नाव कानशीने घासून काढलं होतं. ताजं घासलेलं, पितळेचा भुसा खाली तसाच पडला होता.

"ही कुठून आणलीस?"

"कॉटन ग्रीनच्या भंगाराच्या गोदामातून. विकत."

"मग नाव का पुसलंस?"

त्याने पायाने भुसा गाडीखाली सारला.

"जगन, ही मोटर चोरीची आहे."

"नाय."

"मग बोल ना!"

"माझ्याच गिरणीची हाय," तो हळूच म्हणाला. "गोदामात कापडाच्या गाठी वाहायची बॅटरीची गाडी होती, तिची. हिच्या तारा मीच भरलेल्या. भंगारात दिसली, उचलली. पण पट्टीवर नाव ठेवलं असतं, तर पहिला माणूस बघून काय म्हणाला असता? जगन्याने बंद गिरणी फोडली. म्हणून घासलं."

"आणि घासल्यामुळे मी तेच म्हणतेय."

"तेच तर," तो म्हणाला. त्याला ह्यात काही विसंगत वाटत नव्हतं!

दुसऱ्या दिवशी मी कॉटन ग्रीनला गेले. गोदामवाल्याने कानावर हात ठेवले. मोटर? कसली मोटर? शंभर येतात, शंभर जातात. त्याचा चेहराही मला आवडला नाही. परत येऊन मी जगनला सरळ सांगितलं, मोटरीचा खरा हिशेब लागला नाही तर मी पोलिसांत जाणार. चोरीच्या मालावर मी माझ्या नवऱ्याची गाडी चालवणार नाही.

"गेलात तर गाडी जाईल नि मी पण जाईन," जगन म्हणाला. "एकदा नाव गेलंच हाय. पण ह्या टायमाला आत बसलो तर शांतीला बाजारात कोण बसू देईल? नारळी पुनवेपर्यंत थांबा, बाई. गाडी तयार हाय."

"तयार आहे तर आज दे."

"नारळ पडल्याशिवाय नवी होडी पाण्यात घालत नाय आम्ही."

"ही होडी नाही, फियाट आहे!"

"नवीच हाय," तो म्हणाला आणि शटर ओढलं.

पळून जायला वेळ हवाय, सुमेधाने निकाल दिला. मलाही तसंच वाटलं.

पण नारळी पौर्णिमेला वरळी कोळीवाड्यात गेले, तर गाडी उभी होती. काय सांगू! खाली समुद्रासारखा निळा, वर सायीसारखा पांढरा, मधून एक बारीक लाल रेघ; होड्या रंगवणाऱ्याकडूनच रंगवलेली. बंपर आरशासारखे. आत पांढऱ्या गाद्या आणि पुढे गिरणीतल्यासारखा एक गोल मोठा मीटर. आमच्या ह्यांनी पाहिली असती तर आधी टाय बांधून आले असते. शांती पुढे झाली, टायरवर हळद-कुंकू वाहिलं, नारळ दर्यात सोडला आणि मला म्हणाली, "बस गो बाय. भिऊ नको."

भीती नव्हती. वास होता.

"जगन, हा कसला वास?"

"डिकीतल्या बॅटरीच्या पेट्या लाकडाच्या हायेत. ॲसिड लोखंडाला खातं. लाकडाला मग मुशी माशाचं तेल चोपडलं, होडीला लावतात तसं. वर्षानुवर्षं सडणार नाय."

"अरे, मी फणसवाडीत राहते! समोर देऊळ आहे!"

त्याचा चेहरा पडला. होडी म्हटली की तेल. वासाचा विचार त्याच्या डोक्यात आलाच नव्हता. कोळ्याच्या घरात जन्मलेल्याला तो वास येतच नाही.

निघालो. गाडी खरंच आवाज करत नव्हती, फक्त एक बारीक घुमणारा 'उंऽऽ' होता. मी मागे बसून त्याची मान न्याहाळत होते. आणि मग मी म्हटलं, "लालबागला तुझ्या गिरणीच्या गेटावरून घे."

मान ताठ झाली. पण त्याने गाडी वळवली.

गेटाला गंजलेली साखळी आणि बाहेर स्टुलावर जुना वॉचमन बाबुराव. गाडी थांबली, मोटर अजून घुमत होती, तोच कुठून कुठून मांजरं आली, डिकीभोवती शेपट्या उभारून ओरडू लागली. बाबुराव उठला, पण त्याचं लक्ष मांजरांकडे नव्हतं. तो कान देऊन ऐकत होता.

"बंद करू नको," तो जगनला म्हणाला. मग बॉनेटवर हात ठेवला. "ही आमच्या गाठींच्या गाडीची मोटर! संपापर्यंत रोज ऐकलीय मी. जगन्या, चोरा! संपातपण तू आणि आतापण तूच!"

दोनचार माणसं जमली. जगन स्टिअरिंग धरून समोर बघत राहिला. तेरा वर्षांपूर्वीही असाच बसला असणार.

मी दार उघडून उतरले. "बाबुराव, गेटावर तुम्हीच असता ना?"

"वीस वर्षं मीच. ह्या गेटातून मी एक खिळा बाहेर जाऊ दिला नाही, बाईसाहेब. कुणालाही विचारा."

"असं? मग एवढी मोटर बाहेर कशी आली? हा खिशात घालून गेला?"

"चोरून..."

"म्हणजे तुम्ही झोपला होतात. की गेट उघडलंत? दोनातलं एक सांगा, मला उन्हात उभं राहवत नाही."

जमलेल्यांतला एकजण हसला. बाबुरावचा चेहरा लाल झाला. झोपलो म्हणायला तो तयार नव्हता; वीस वर्षांची अब्रू होती.

"मी कधी झोपलो नाही," तो ओरडला. "मालकांचा माणूस आला होता! ट्रक लावला, म्हणाला भंगार काढायचंय, गेट उघड. हुकूम होता. कामगारांची देणी बाकी, कोर्टात केस चालू, बाहेर बोलायचं नाही म्हणाला. मी काय करणार?"

"ट्रक कुठे गेला?"

बाबुराव परत स्टुलावर बसला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "कॉटन ग्रीनला."

मांजरं ओरडतच होती. जमलेल्यांपैकी दोघे त्याच गिरणीतले निघाले; ते आता जगनकडे नाही, बाबुरावकडे बघत होते. "म्हणजे यंत्रं विकतायत आतल्या आत? आणि तू गेट उघडून देतोस?" मी परत गाडीत बसले. त्यांचं भांडण त्यांचं होतं.

गिरगावात वाडीच्या तोंडाशी जगनने गाडी थांबवली आणि तो मागे वळला. "बाई, तुम्ही मला पकडायलाच तिकडे नेलं होतं ना?"

"हो," मी म्हटलं. "पुन्हाही नेईन. आता त्या पट्टीवर गिरणीचं नाव परत कोरून घे."

त्याने नकारार्थी मान हलवली.

"नको. उद्या कुणीतरी म्हणेल, नाव खोटं लिवलंय."

उतरताना त्याने सीटखालचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकला. गाडी माझी आहे, ह्याची मी त्याला आठवण करून दिली.

"हाय ना," जगन म्हणाला. "तेलाचा वास घालवायला उद्या येतो, तेव्हा आणतो. तोवर वाडीतलं कुणी चालवून बघायला नको."