बोळातला हत्तीकान

लालबागच्या आमच्या घराला ऊन लागत नाही अशी एकच जागा आहे, शेजारच्या भिंतीलगतचा बोळ. तिथं कुंडीत मी हत्तीकान लावला. जात अळूचीच, पण एका पानाआड माझं अख्खं तोंड झाकलं जावं एवढा. नवं पान गुंडाळी होऊन वर यायचं आणि दोन दिवस सावकाश उलगडत राहायचं. चहा गार होईपर्यंत मी बघत बसायचे. मी शाळेत शिकवते. पहिली घंटा चुकायची वेळ आली तरी पाय निघायचा नाही.

गुडघे गेल्यावर माझे सासरे, आबा, दापोऱ्याहून, त्यांच्या गावाहून, आमच्याकडे राहायला आले. जन्म केळीच्या शेतीत गेलेला माणूस. हत्तीकानाचं उलगडतं पान बघून आबा म्हणाले, "पोंगा सुटतोय." केळीच्या गुंडाळलेल्या पानाला तेच म्हणतात. मग रोज सकाळी बोळात दोन खुर्च्या आणि दोघांचीही नजर पानावर.

पुढे कुंडीत बुंध्याशी पिलं फुटली, नवी छोटी रोपं. एका दुपारी घरी येते तर आबांनी सगळी विळ्यानं कापलेली. केळीत तसंच करतात, मोठ्या झाडाची ताकद वाटली जाऊ नये म्हणून. मला ते ठाऊक होतं. पण पिलं मी मैत्रिणींना कबूल केली होती, आणि जीभ मुळातच तिखट. म्हटलं, "आबा, हे काही केळीचं शेत नाही."

त्यांनी विळा धुतला, पुसला, खुर्ची उचलून रस्त्याच्या बाजूला नेली. परत बोळात आले नाहीत. माझी तिखट जीभ माफी मागायला काही वळेना.

थंडीत हत्तीकानाची पानं गळाली. मी घाबरून पाणी घालत सुटले आणि खोड सडलं. कुंडी नळाजवळ पालथी केली. आबांना सांगितलं नाही.

उन्हं तापायला लागली तेव्हा त्या मातीतून हिरवं टोक वर आलं. आबांनी पिलं मातीच्या वरच कापली होती, खालचे कंद शाबूत होते. आठवड्यात पोंगा आला, मग पान. शीर न् शीर उजेडात दिसत होती. मी मारलेल्या झाडातून, ओंजळभर मातीतून, एवढं मोठं पान. अंगावर काटा आला.

रस्त्याच्या बाजूला जाऊन म्हटलं, "आबा, पोंगा सुटतोय. चला ना."

भिंत धरत आले. पानाखाली तळहात धरून, त्याला स्पर्श न करता, बराच वेळ उभे राहिले.

"पिलं येतील परत," मी म्हटलं. "विळा आणून देऊ?"

"नको," ते हळूच म्हणाले. "हे काही केळीचं शेत नाही."

टोमणा नव्हता त्यात. माझं वाक्य त्यांनी धड्यासारखं पाठ करून ठेवलं होतं, आणि शिकवणारी मी, मला मान वर करता येईना.