बोरस्ते सरांची गायब अकरा वर्षं

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न एका ड्रॅगनमुळे मोडता मोडता राहिलं. ड्रॅगनची यात काहीच चूक नव्हती.

गोष्ट दोन हजार चार-पाच सालची, नाशिकमधली. वैशालीसाठी स्थळं बघणं चालू होतं आणि मुलाची चौकशी करणं हे थोरला भाऊ म्हणून माझं काम होतं. चौकशी म्हणजे मुलाच्या गल्लीतल्या किराणा दुकानात जायचं, पाव किलो शेंगदाणे घ्यायचे आणि सहज विचारल्यासारखं सगळं विचारायचं. माझ्या चौकशीपायी आधीची दोन स्थळं गेली होती. एकाचा मित्र मला उर्मट वाटला, दुसऱ्याच्या घरात एकही पुस्तक नव्हतं. (शेंगदाणे मात्र आमच्या घरात भरपूर झाले होते.)

तिसरं स्थळ बोरस्ते सरांचं. माझी मुलगी ऋचा ज्या शाळेत सातवीत होती, तिथेच ते विज्ञान शिकवायचे. वैशालीने त्यांचा फोटो पाहिला, ठेवला आणि तासाभराने पुन्हा मागितला. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

"दादा, या वेळी तू चौकशी करू नकोस," ती म्हणाली. "मला हे पसंत आहेत."

मी बरं म्हणालो आणि बायोडाटा घेऊन बसलो. एमएस्सी झाल्यावर पाच वर्षं कोरी! त्यानंतर एकदम बीएड आणि नोकरी. मी तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

बायको म्हणाली, "अहो, ऋचालाच विचारा की." पण लग्नाच्या गोष्टींत मुलांना ओढू नये असं माझं मत होतं. शिवाय ऋचा चोवीस तास जादूच्या शाळेच्या कुठल्या तरी जाडजूड पुस्तकमालेत तोंड खुपसून बसलेली असायची. असली पुस्तकं मी हातात धरत नसे. मी गंभीर साहित्य वाचायचो, आणि वाचतो हे लोकांना सांगायचोही.

दोन दिवसांनी ऋचाच्या टेबलावर मला एक वही दिसली. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'सर शाळेत येण्याआधी काय करत होते?'

मी दार लोटून घेतलं.

आत ऋचाने आणि तिच्या मैत्रिणींनी मुद्दे काढले होते. अकरा वर्षं कुठे होते, कोणालाच माहीत नाही. डाव्या हाताला भाजल्याची खूण आहे, म्हणून कायम पूर्ण बाह्या. एका प्राण्याचं नाव काढलं की डोळ्यांत पाणी येतं. सर्कस? तुरुंग? आणि शेवटी, ड्रॅगनला अजिबात घाबरत नाहीत.

ड्रॅगनपाशी एखादा साधा माणूस थांबला असता. मी वाचन केलेला माणूस. ड्रॅगन म्हणजे मुख्याध्यापिका, हे मी लगेच ओळखलं; पोरं त्यांना काय काय नावं ठेवतात हे मला ठाऊक होतं, आम्हीही ठेवायचो. बायोडाटात पाच वर्षं गायब होती आणि वहीत अकरा, याचा अर्थ माझ्या मते एवढाच होता, की आणखी सहा वर्षं लपवलेली आहेत!

रविवारी बोरस्ते सर आईवडिलांना घेऊन मुलगी बघायला आले. मे महिना होता, आणि सदऱ्याला पूर्ण बाह्या. मी लासलगावहून आलेल्या मामांकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. मामा चिवडा खात होते.

"तुमच्या डाव्या हाताला भाजल्याची खूण आहे ना?" मी विचारलं.

सरांनी शांतपणे बटण काढून बाही वर केली. हात स्वच्छ. मी उजवा मागितला. तोही स्वच्छ.

"मग ती अकरा वर्षं तुम्ही कुठे होतात?"

"अकरा?" त्यांच्या आई म्हणाल्या. "अहो, त्याला आत्ता एकतिसावं लागलंय."

"भाचेबुवा, जरा दमानं," मामा पुटपुटले.

पण मी आता थांबणार नव्हतो. मी वही बाहेर काढली. "कोणत्या प्राण्याचं नाव काढलं की तुम्हाला रडू येतं?"

पाण्याचे पेले घेऊन आलेली ऋचा दारातच उभी राहिली.

"बाबा, ती माझी वही आहे," ती म्हणाली. "ते आमच्या पुस्तकातले सर आहेत. ड्रॅगन पाळायला शिकवतात ते."

खोलीत फक्त मामांच्या चिवड्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

बोरस्ते सरांनी माझ्या हातातून वही घेतली आणि पेपर तपासावा तशी पहिल्यापासून वाचली.

"तुरुंग नसणार," ते ऋचाला म्हणाले. "तुरुंगात राहिलेला माणूस चौथ्या भागात स्वतःहून तळघरात कशाला जाईल?"

"मग सर्कस?" ऋचा पेल्यांसकट खाली बसली.

दहा मिनिटं दोघांची चर्चा चालली. स्वयंपाकघराच्या दाराआडून वैशालीच्या हसण्याचा आवाज आला. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, त्याबद्दल मी मनातून आभारी होतो.

मग सरांनी स्वतःच पाच वर्षांचं सांगितलं. वडिलांच्या आजारपणात घरची द्राक्षबाग सांभाळली. बायोडाटात शेती लिहिली की मुलीकडचे पुढचं वाचतच नाहीत, म्हणून जागा कोरी सोडली.

"ही काय लपवायची गोष्ट हाय?" जन्मभर कांदा पिकवलेले मामा उसळले. "मी काय इतकी वर्षं दरोडे घातले काय?"

वैशाली बाहेर आली. "दादा, तुझी चौकशी झाली असेल तर पोहे आणते. आणि मला द्राक्षबाग चालेल." दुसरं वाक्य ती मला म्हणाली नव्हती.

पोहे खाताना सरांनी रीतीप्रमाणे मलाही विचारलं, "आपण काय करता?"

"सरकारी नोकरी. पंधरा वर्षं झाली."

"म्हणजे नक्की काय?"

फाइल वरून येते, मी टिपणी लिहितो, ती खाली जाते, मग परत वर येते, असं मी बराच वेळ सांगत होतो. बायोडाटातल्या कोऱ्या जागेकडे मी ज्या चेहऱ्याने पाहिलं होतं, तोच चेहरा आता समोर दिसत होता.

लग्न त्याच वर्षी झालं. पुढच्या दिवाळीत जावई घरी आले आणि ऋचाच्या टेबलावर मला नवी वही दिसली. 'बाबा ऑफिसात नक्की काय करतात?' आत एकच मुद्दा होता, 'डबा रोज रिकामा परत येतो.' बाकी पान कोरं.

खाली बोरस्ते सरांच्या वळणदार अक्षरात शेरा होता: 'ड्रॅगनशी संबंध आढळत नाही.'